ही केबिन कुणी बांधली?

तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीजवळ तुम्ही कधी ना कधी अडकला असालच. पहिलं लेक्चर गेलेलं, गाडीच्या पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मोबाइलची बॅटरी संपत आलेली. रस्त्यापासून जवळच इंद्रायणीच्या काठावर सरसेनापती दाभाड्यांचा भुईकोट आहे. रविवारी ट्रेकर मंडळी येतात, बुरूज मोजतात, दरवाजाचे फोटो काढतात. त्याच किल्ल्यासमोरून रोज इतके ट्रक जातात, त्यांच्याकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. मीही बघत नव्हतो. ट्रक म्हणजे ओव्हरटेक करायची वस्तू, एवढंच!

पुढच्या वेळी अडकलात की एक करा. हौद्यावरच्या शायरीकडे नंतर बघा, ती सगळेच बघतात. आधी केबिन बघा. पुढची काच अखंड, वळणदार आहे की मध्ये पट्टी असलेली, दोन सपाट तुकड्यांची? दाराच्या कडा कारखान्यातल्या साच्यातून आल्यासारख्या गुळगुळीत आहेत की पत्रा हाताने वाकवून रिबिटा मारलेल्या? काचेच्या वर ते रुंद कपाळ आहे का, ज्यावर देवाचं नाहीतर मालकाच्या पोरांचं नाव असतं? सपाट काच, रिबिटा आणि कपाळ असं तिन्ही दिसलं, तर ती केबिन बहुतेक कंपनीची नाही. ती कुठल्या तरी मिस्त्रीने बांधलेली आहे. काच सपाट का? तर गाडी कुठेही आडरानात फुटली तरी गावातला काचवाला तुकडा कापून देऊ शकतो म्हणून. वळणदार काच कंपनीकडून येईपर्यंत भाडं बुडतं.

हे असं का होतं, ते कळायला पिंपरीकडून येणाऱ्या रस्त्यावर नुसती चॅसी चालवत नेणारा माणूस आठवा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि समोरचा अर्धा चेहरा, बस्स. ना दार, ना छप्पर, ना मागची भिंत. तोंडाला टॉवेल, डोळ्यांवर गॉगल, आणि तो निघालाय शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे कित्येक वर्षं ट्रक असाच विकला गेला. कंपनी चॅसी देणार, मालक ती बॉडी बिल्डरकडे नेणार, आणि तिथे सुतार, पत्रेवाला, वेल्डर, गादीवाला आणि पेंटर मिळून लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवून केबिन आणि हौदा उभा करणार. तमिळनाडूतलं नामक्कल तर या धंद्यासाठी देशभर माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? एसटीत बसलाय ना? लालपरीची बॉडीही अशीच, विकत आणलेल्या चॅसीवर महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधली जात आली आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. दापोडी तर इथून तळेगावमार्गे पुण्याला जाताना वाटेतच लागते. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तिची बॉडीही लाकडी होती आणि वर कापडी छप्पर होतं.

आता जरा लांब जाऊ. व्होल्वो म्हटलं की आपल्याला एक्स्प्रेसवेवरची एसी बस आठवते. स्वीडनमधल्या या कंपनीने १९२८ साली पहिला ट्रक काढला, तेव्हा तिचाही मामला आपल्यासारखाच होता. चॅसी कंपनीची, केबिन गावच्या कारखान्याची. स्कॅनियाचंही तेच. उमेओ गावात निस्ट्रोम नावाचा केबिनवाला होता, ऑस्कर्सहाम्नमध्ये बे-गे नावाचा. दोघांच्याही केबिनांना आतून लाकडी सांगाडा. पुढे व्होल्वोने निस्ट्रोमचा कारखाना घेतला, स्कॅनियाने बे-गेचा, आणि आजही या दोन कंपन्यांच्या केबिना त्याच दोन गावांत तयार होतात. तिथले जुन्या ट्रकचे वेडे लोक छताचा बाक, दाराची मूठ, काचेची चौकट बघून सांगतात, ही या कारखान्याची, ती त्या कारखान्याची. शेतात गंजत पडलेला लांब नाकाचा ट्रक उचलून आणायचा, कुजलेलं लाकूड बदलायचं, मूळ रंग शोधायचा आणि मग उन्हाळ्यात मेळाव्याला न्यायचा, यात त्यांची वर्षं जातात.

आपल्याकडे लांब नाकाचे ट्रक नव्हते असं थोडंच आहे? १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. हो, तोच तारा. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटाचा 'टी' आला. आकड्यांची पद्धत मात्र तीच राहिली. १६१२ लिहिलं असेल तर साधारण १६ टन एकूण वजन आणि १२० च्या आसपास अश्वशक्ती. २५१८ दिसला की तुम्हीच सांगा. ट्रॅफिकमध्ये वेळ घालवायला रील्सपेक्षा हा खेळ बरा आहे.

पण ताऱ्याची गोष्ट निदान कंपनीच्या कागदांत सापडते. त्या ताऱ्यामागची केबिन ज्याने रंधा मारून उभी केली, त्याचं नाव बहुधा कुठेच नाही. आणि गाडी तरी उरते का? १५-२० वर्षं मरेस्तोवर पळते, मग भंगारात जाते. पत्रा कटरखाली, लाकूड चुलीत. सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आणला, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली खास पाटी दिली. छान केलं. पण तो नियम दुचाकींचा आणि खासगी मोटारींचा आहे. महाराजांची रोल्स-रॉइस त्यात बसते, नाशिकचा कांदा मुंबईला नेणारा ट्रक बसत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी इंदुरीच्या एका टपरीवर चहा पिणाऱ्या वयस्कर ड्रायव्हरकाकांपुढे जुन्या लाकडी केबिनांबद्दल हळहळलो. काका हसले. म्हणाले, तुला बघायला छान वाटते रे, मी तिच्यात झोपलोय. मग एकेक सांगू लागले. इंजिन शेजारीच, त्यामुळे मे महिन्यात डावी मांडी भाजायची. पावसात कपाळातून पाणी गळायचं. आणि समोरून धडक बसली तर माणूस आणि पत्रा वेगळा काढावा लागायचा. हे शेवटचं त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवून सांगितलं. मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

स्वीडनमध्येही लाकडी केबिन याच कारणाने गेली. १९६० च्या दशकात तिथे केबिनच्या ताकदीची चाचणी सक्तीची झाली. छतावर कित्येक टनांचा भार, खांबावर जड लोलकाचा तडाखा. लाकूड त्यात टिकेना, पोलाद आलं. आपल्याकडे आता ट्रक बॉडीचे नियम कडक झालेत, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. काकांच्या मांडीचा विचार केला तर उशीरच झाला म्हणायचा. जुनी केबिन रस्त्यावरून गेली हे चांगलंच झालं, आणि तिचा एकही नमुना जपून ठेवला नाही तर ते वाईट होईल. मला या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटतात. स्वीडनवाल्यांनी धोकादायक केबिन रस्त्यावरून काढली, पण गोठ्यात नेऊन झाकून ठेवली. आपण सरळ कटर लावतो.

गोठा तुमच्याकडे नसेल, मोबाइल आहे. फाळक्याच्या कोपऱ्यात, दाराखाली किंवा कपाळाच्या कडेला बारीक अक्षरांत बॉडी बिल्डरचं नाव आणि गाव रंगवलेलं असतं. 'हॉर्न ओके प्लीज'च्या भपक्यात ते दिसतच नाही. त्याचा फोटो काढा, खाली गाडीचं मॉडेल, तारीख आणि जागा लिहून ठेवा. मेकॅनिकलवाल्यांनी दाराचा सांगाडा कसा जोडलाय ते बघा, आर्ट्‌सवाल्यांनी अक्षराचं वळण. ड्रायव्हरला विचारून काढा मात्र, आणि गाडी हलायला लागली की बाजूला व्हा.

मी परवा पहिला काढला. काकांच्या आताच्या गाडीची केबिन कंपनीची, एसीवाली. पण हौदा बांधून घेतलेला. फाळक्यावर डावीकडे खाली पिवळ्या अक्षरांत नाव होतं, गाव होतं, आणि फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे चिखलाखाली गेले होते. काकांनी क्लीनरला हाक मारली, फडकं मागितलं आणि स्वतःच पुसून दिले.