मधुमेहाचा खर्च कोठें वांचेल?

शेताचा बांध फुटूं लागला कीं पहिल्या दिवशीं टोपलीभर मातीनें काम भागतें. आठ दिवस हयगय केली तर बांधही जातो व पीकही जातें. मधुमेहाच्या खर्चाची गोष्ट अशीच आहे.

विलेपार्ल्याचें कूपर, घाटकोपरचें राजावाडी हीं मुंबईच्या उपनगरांतील रुग्णालयें महानगरपालिका चालविते. म्हणजे त्यांचा बहुतेक भार करदात्यांवरच पडतो. पालिकेनें जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें २०२१ सालीं केलेल्या पाहणींत १८ ते ६९ वर्षांच्या मुंबईकरांपैकीं शेंकडा सुमारें १८ जणांच्या रक्तांत उपाशीपोटींही साखर मर्यादेबाहेर आढळली.

या रोगापायीं होणारा मोठा खर्च साध्या औषधांचा नव्हे. मेटफॉर्मिनची गोळी स्वस्त आहे. परंतु मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे आठवड्यांतून बहुधा तीनदां, दर वेळीं सुमारें चार तास, डायलिसिसच्या यंत्राचा आश्रय करावा लागतो. पाय सडला तर रुग्णालयांतील खाट कित्येक आठवडे अडते. ब्रिटनमधील २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेचा सुमारें दहावा हिस्सा मधुमेहावर खर्च होतो, व त्यांतील सुमारें चार पंचमांश रक्कम अशा उपद्रवांवरच जाते.

शेतकऱ्यास यांत विशेष धोका आहे. मधुमेहानें पाय बधिर होतात. चिखलांत अनवाणी राबणाऱ्यास कांटा रुतला तरी कळत नाहीं. दुखत नाहीं म्हणून जखम हलकी समजूं नये. रोज रात्रीं तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्या, पायांत जोडा घालावा, आणि जखम दिसतांच घरगुती लेप न लावतां दवाखाना गांठावा. पाय गेला तर रुग्णालयाचा खर्च सरकार सोशील. पण बुडालेला हंगाम कोण भरून देईल?

पालिकेनें २०२२ पासून वस्त्यांतून ‘आपला दवाखाना’ उघडण्यास आरंभ केला, हें योग्यच झालें. तेथें साखरेची तपासणी नियमित व्हावी व गोळ्यांचा तुटवडा कधींही पडूं नये, एवढीच आमची मागणी आहे. दवाखान्यांत वेळेवर खर्चिलेला रुपया मोठ्या रुग्णालयाचे अनेक रुपये वांचवितो, आणि माणसाला त्याच्या पायांवर उभें ठेवितो. तिशी उलटलेल्या प्रत्येक शेतकरी बंधुभगिनीनें या सुगीपूर्वीं एकदां आपलें रक्त तपासून घ्यावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.