ज्याची वही, त्याचा धंदा!

पेठ तालुक्यातून नाशिकला येणाऱ्या रस्त्यावर कोटंबीचा घाट लागतो, सावळ घाट लागतो. भात-नागलीची कापणी आटोपली की याच रस्त्याने आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. अलीकडे यातली काही पोरे बागेत न जाता शहरातल्या उंच इमारतींवर दिसू लागली आहेत. कमरेला दोर बांधून सातव्या मजल्याच्या भिंतीबाहेर ती एसीचे मशीन बसवत असतात. शेजारी दुसरा हात असतो तो बहुधा आमच्याच एखाद्या वस्तीतल्या पोराचा.

अशा मुलांशी आम्ही बोललो. मशीनमागे ठरलेले पैसे मिळतात. बिल दुकानाच्या नावाने फाटते. पुढच्या वर्षी मशीन साफ करायचे झाले तर गिऱ्हाईक दुकानाला फोन करते. "तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर आहेत का?" असे आम्ही विचारले. उत्तर आले, "नंबर शेठच्या वहीत असतात."

या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले! कसब आमचे, जोखीम आमची, पण वही दुसऱ्याची. ज्याची वही, त्याचा धंदा. बाकीचे सारे मजूर.

पोरांनी स्वतःचे दुकान का काढू नये? भांडवल नाही, हे कारण सगळे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण कोणी उच्चारत नाही. एसी बसवणारा माणूस थेट शयनगृहात जातो. गिऱ्हाईक नाव विचारते, मग गाव विचारते, मग आडनाव विचारते. त्यानंतर पाणी येते ते प्लास्टिकच्या पेल्यात, आणि पुढच्या वेळी फोनच येत नाही. बाजाराला जात नसते असे सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा गंगापूर रोडच्या सोसायटीत हत्यारांची पिशवी घेऊन जाऊन पाहावे.

हा अनुभव नवा नाही. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ज्ञानात तोड नव्हती. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके पांगली आणि व्यवसाय बंद पडला. पुढे 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. अर्ज तोच, फक्त आडनाव बदललेले!

म्हणून आमच्या तरुणाने धंद्याची जाहिरात कशी करावी, हा प्रश्न चार पत्रके वाटून सुटणारा नाही. आडनावापुढे अडणारे दार कामाने आणि कागदाने कसे उघडायचे, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात गावापासून करावी. पेठमध्ये घरोघरी एसी नाही, आणि तिथल्या पावसात त्याची गरजही नाही. पण बँक आहे, दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत, आइस्क्रीमचे डीप फ्रीजर आहेत. यातले काही बंद पडले की नाशिकचा मिस्त्री घाट चढून यायचा, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च वेगळा. अशा ठिकाणी 'मी तालुक्यातच राहतो, त्याच दिवशी येतो' ही सर्वांत मोठी जाहिरात आहे. पेठ, करंजाळी, सुरगाणा, हरसूल एवढ्या पट्ट्यात फ्रीज, फ्रीजर आणि एसी हाताळणारा एक भरवशाचा माणूस म्हणून नाव झाले, तर तो पाया पक्का होतो. एसीचा हंगाम मार्च ते मे एवढाच, फ्रीजर मात्र बारा महिने चालतो. खाली दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची शीतगृहे आहेत, तिथेही हीच विद्या लागते.

दुसरी गोष्ट कामाची. एसी बसवताना तांब्याच्या नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढायची असते. कित्येक जण पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. वेळ वाचतो, पण आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरचे आयुष्य खाते. आज बहुतेक नव्या मशीनमध्ये आर-32 गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे. तिथे ही हयगय धोक्याची ठरते. आमच्या मुलाने पंप लावावा, मीटरवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा, काय केले ते छापील पावतीवर लिहावे, दर आधी सांगावेत आणि गळतीची लेखी हमी द्यावी. तोंडी गोडवा सगळेच देतात. लेखी हमी देणारे थोडे असतात. आणि दोर-पट्ट्याशिवाय भिंतीबाहेर पाय टाकू नये. जिवापेक्षा कोणतेही गिऱ्हाईक मोठे नाही.

तिसरी गोष्ट वहीची. पहिल्या गिऱ्हाइकापासून नाव, पत्ता, मशीन आणि तारीख लिहून ठेवावी. उन्हाळा पेटल्यावर सगळेच पळतात. आमच्या मुलाने फेब्रुवारीतच जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून मशीन साफ करून द्यावे आणि वर्षाच्या देखभालीचा करार करावा. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. समाधानी गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायला सांगण्यात लाज कसली? एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. मध्यमवर्गाच्या आणखी घरांत मशीन जाईल. ते बसवणाऱ्याचे नाव कोणाच्या वहीत असेल, एवढाच सवाल आहे.

चौथी गोष्ट आमच्या हक्काची, आणि तिचीच आमच्या लोकांना सर्वांत कमी माहिती आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात 2018 साली बदल झाला. त्यानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची असते. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. नाशिकमध्ये नोट मुद्रणालय आहे, ओझरला विमान कारखाना आहे, रेल्वे आहे, टपाल कचेऱ्या आहेत. तिथल्या एसींची देखभाल कोणीतरी करतेच ना? उद्यम नोंदणी करून सरकारच्या जेम पोर्टलवर नाव घातले, तर जे आडनाव सोसायटीचे दार बंद करते तेच येथे हक्काचा कागद बनते. मात्र हा हक्क मागणाऱ्यालाच मिळतो. दाराशी कोणी आणून देत नाही.

एकट्या पोराला निविदा पेलणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पेठच्या चार आदिवासी मुलांनी आणि नाशिकच्या चार बौद्ध मुलांनी मिळून एक संस्था काढावी. पंप एक, वही एक, हिशेब उघडा. भांडवलासाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाचे मुख्यालय नाशकातच आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आहे. खेटे घालावे लागतील. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या कमानीसाठी जेवढी धावपळ केली जाते, त्याच्या निम्मी या पोरांच्या प्रकरणांसाठी करावी.

आणि आमच्यातल्या नोकरदारांनाही विचारावेसे वाटते. आरक्षणाने फ्लॅट घेतला, त्यात एसी बसवला. तो बसवायला कोणाला बोलावले? आपल्याच पोराचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये नसेल, तर बाजाराला दोष देण्याचा अधिकार आपल्याला किती उरतो?

शेठच्या वहीतून आपले नाव काढून आपल्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहिणे, हीही मुक्तीचीच एक पायरी आहे. ती वही या उन्हाळ्याआधी उघडा. जय भीम!