औद्योगिक वसाहतीतील रस्ते, सायकल मार्ग व कामगार सुविधा : भोसरी परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : औद्योगिक वसाहत, पाळी, पदपथ, सायकल मार्ग, प्रवासातील अपघात.

प्रस्तावना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर भोसरी, पिंपरी व चिंचवडच्या शिवारात औद्योगिक वसाहत विस्तारत गेली. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. या वसाहतीचा विचार करताना उत्पादन, रोजगार व स्थलांतर यांकडे आपले लक्ष जाते. मात्र कामगार घरून कारखान्यापर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे.

रस्त्यामागील गृहीतक

वसाहतीतील रस्ते कच्चा व तयार माल वाहून नेण्यासाठी आखले गेले. लांब ट्रेलर वळावा म्हणून चौकाचे कोपरे मोठ्या गोलाईचे ठेवले जातात. या गोलाईमुळे लहान वाहनेही वेग कमी न करता वळतात आणि पादचाऱ्याला ओलांडावयाचे अंतर वाढते. शिवाय ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतून जातात, आणि नेमक्या त्याच जागी, रस्त्याच्या डाव्या कडेला, सायकलस्वार असतो. चालकाला तो आरशात दिसेलच असे नाही. म्हणून केवळ पांढरा पट्टा ओढून सायकल मार्ग सिद्ध होत नाही. कोपऱ्याची गोलाई आवळून, ट्रेलरच्या मागील चाकांसाठी किंचित उंच, खडबडीत दगडी पट्टी ठेवणे आणि सायकलची थांबरेषा अवजड वाहनांच्या पुढे आणणे, हे उपाय अधिक परिणामकारक आहेत.

भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी अडथळाविरहित असावी व त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. या रुंदीत विजेची पेटी, फलक किंवा उभा टेम्पो आला की पदपथ नकाशापुरताच उरतो व चालणारा मनुष्य ट्रकच्या रांगेत उतरतो.

मोजणीचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता देशातील इतर कामगारांपैकी २२ टक्क्यांहून अधिक लोक पायी व सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहून कमी होते. भोसरीत हे चित्र पाहावयाचे असल्यास पाळी सुटण्याची वेळ साधावी लागते. गुरुवारी, म्हणजे येथील साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, अथवा महाविद्यालयाच्या सोयीने भर दुपारी केलेली गणना दिशाभूल करते. (विद्यार्थी प्रकल्पाच्या निमित्ताने ही चूक प्रस्तुत लेखकाकडूनही घडली आहे.)

प्रवेशद्वाराबाहेर

पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीकक्ष, उपाहारगृह, पाळणाघर या सुविधांची जबाबदारी १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मालकावर टाकली होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. दोन्हींचा रोख मुख्यतः कारखान्याच्या आवारावर आहे. फाटकाबाहेर बस येईपर्यंत उभे राहण्यास सावली, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, रात्रपाळीच्या वाटेवर दिवे, या गोष्टी कोणाच्याच हिशेबात धरल्या जात नाहीत. चहाची टपरी व पंक्चरचे दुकान ही उणीव काही अंशी भरून काढतात. त्यांना अतिक्रमण समजून हटविण्यापेक्षा २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमान्वये नेमून दिलेली जागा देणे इष्ट होय.

अपघातानंतरचा कायदा मात्र फाटकाबाहेर आला आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात २०१० मध्ये घातलेल्या कलमाने, नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासातील अपघात नोकरीच्या ओघातील मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९२३ च्या भरपाई अधिनियमालाही लावले. ते प्रकरण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. पहाटेच्या पाळीसाठी निघालेला हा मनुष्य २००३ मध्ये वाटेत मृत्यू पावला. निवाड्यास बावीस वर्षे लागली. प्रवास हा नोकरीचा भाग ठरत असेल, तर तो ज्या रस्त्यावरून होतो तोही कामगार सुविधांतच मोडावयास हवा.

पिंपरीहून मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो पुणे-मुंबई रस्त्याने जाते. वसाहतीतील बहुतेक कारखाने तिच्यापासून आत आहेत. स्थानक ते कारखाना हे अंतर सायकलीला सोयीचे, परंतु ते कापण्यास सलग मार्ग हवा, आणि दोन्ही टोकांना सायकल ठेवण्यास छप्पर. महापालिका, औद्योगिक महामंडळ व कारखानदार यांच्यापैकी हा खर्च कोणी उचलावयाचा, हे रस्ता पुन्हा करण्याचे अंदाजपत्रक तयार होतानाच ठरले पाहिजे. डांबर पडल्यावर पदपथासाठी जागा मिळत नाही.