सरकारी खरेदीतील महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांचा वाटा : संधी कोठे आणि कशी शोधावी?

नवी दिल्ली : गणवेश शिवणे, छपाई, उपाहारगृह चालवणे, इमारतींची स्वच्छता राखणे अशा कामांसाठी सरकारी कार्यालये आणि महापालिका सातत्याने खरेदी करीत असतात. या खरेदीचा ठरावीक वाटा महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांना मिळावा, अशी तरतूद केंद्र सरकारने केली आहे. तथापि, नोंदणीतील एखादी त्रुटी किंवा नियमाच्या व्याप्तीविषयीचा गैरसमज, एवढ्यानेही हा लाभ हातचा जाऊ शकतो.

धोरण काय आहे?

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ मध्ये लागू झाला आणि २०१५ पासून तो बंधनकारक करण्यात आला. २०१८ मधील सुधारणेनुसार केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करावयाची आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के असे उपलक्ष्य आहे. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी या आदेशात स्वतंत्र वाटा नाही. मात्र त्यांच्यापैकी महिलांचे उद्योग महिलांच्या उपलक्ष्यात मोडतात. याशिवाय ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच खरेदी करण्यासाठी राखून ठेवण्यात आल्या आहेत.

हे उद्दिष्ट वर्षभराच्या एकूण खरेदीचे आहे, प्रत्येक निविदेचे नाही. त्यामुळे एखादी विशिष्ट निविदा आपल्यालाच मिळावी, असा दावा त्याआधारे करता येत नाही.

प्रत्यक्ष लाभ कोणते?

पात्र उद्योगांना निविदेचे कागदपत्र विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. दर्जाची अट पूर्ण होत असल्यास पूर्वानुभव व उलाढालीच्या निकषांतही सवलत देता येते. दरातील सवलत याहून महत्त्वाची आहे. समजा, एखाद्या मोठ्या कंपनीने १०० रुपये हा सर्वांत कमी दर भरला आणि लघु उद्योगाने ११२ रुपये. हा फरक १५ टक्क्यांच्या आत असल्याने लघु उद्योगास आपला दर १०० रुपयांवर आणून मागणीतील चौथा हिस्सा पुरवण्याची संधी मिळते.

पात्रता कशी ठरते?

एकल मालकीच्या उद्योगात मालक स्वतः महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीची असावी लागते. भागीदारी संस्था वा खासगी मर्यादित कंपनीत संबंधित प्रवर्गाचा वाटा किमान ५१ टक्के हवा. आधार आणि पॅनच्या साहाय्याने होणारी 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. तीत लिंग आणि सामाजिक प्रवर्ग अचूक नोंदवणे अत्यावश्यक आहे. ही नोंद चुकल्यास उद्योग उपलक्ष्यात गणला जाण्यात अडचण येते. १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु गटात मोडतो.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हे धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. रस्ते, गटारे अशा बांधकाम कंत्राटांना ते लागू नाही. तसेच, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना, त्यांची 'उद्यम' नोंदणी असली तरी, खरेदीतील हे प्राधान्य मिळत नाही.

महापालिकांचे काय?

केंद्राचा आदेश महापालिकांना थेट बंधनकारक नाही. तेथे राज्य सरकारचे खरेदी नियम चालतात. म्हणून बोली लावण्यापूर्वी त्या राज्याचे नियम आणि निविदेतील सवलतींचे कलम वाचणे आवश्यक ठरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ई-बाजारपेठेवर राज्यांचे विभाग आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही खरेदी करू शकतात. महिलांच्या उत्पादनांसाठी तेथे 'वुमनिया' हा स्वतंत्र उपक्रम आहे. इतर निविदा केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवर, राज्यांच्या ई-निविदा संकेतस्थळांवर (महाराष्ट्रात 'महाटेंडर्स') आणि महापालिकांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. ई-निविदा भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवणे हिताचे.

नागरी सेवांत महिलांच्या सामूहिक संस्थांचाही मार्ग खुला आहे. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्या सदस्यांत महिलांची संख्या मोठी आहे. केरळात कुडुंबश्रीशी निगडित हरित कर्म सेनेच्या महिला स्थानिक संस्थांसाठी असेच काम करतात.

देयक थकल्यास

लहान उद्योगाची खरी कसोटी काम मिळाल्यानंतर लागते. हाताशी खेळते भांडवल कमी असल्याने दोन-तीन देयके अडकली, तरी मजुरी देणे कठीण होते. २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करारात काहीही ठरले असले तरी, माल वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. ही तरतूद महापालिकांसारख्या खरेदीदारांनाही लागू आहे. ऑनलाइन केलेली तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे असल्यास खरेदीदाराला निवाड्यातील ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

म्हणूनच खरेदी आदेश, माल स्वीकारल्याची पोच आणि देयकाची प्रत या तिन्हींवरील तारखा पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात. विलंबाचा दावा अखेर याच कागदांवर उभा राहतो.