बादशाही पाहुणा, कुरणातला

सन 1612 मध्ये जहांगीर बादशहाच्या हुकुमावरून मुकर्रबखानाने गोव्याहून दुर्मिळ जिनसा दरबारी आणल्या, त्यांत क्षणात प्रवाळासारखे आरक्त तर क्षणात शुभ्र होणारे मस्तक मिरवणारा एक विलक्षण पक्षी होता. उस्ताद मन्सूरने रेखाटलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तोच हा टर्की!

त्या काळी खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेल्या आमच्या बुऱ्हाणपुरात, आता केळीच्या बागांलगतच्या पडीक तुकड्यावर हा पक्षी पाळू इच्छिणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे, की प्रौढ टर्कीचे निम्मे खाद्य लसूणघासासारख्या हिरव्या चाऱ्यावर भागते आणि एकरभर कुरणात दोनअडीचशे पक्षी सुखेनैव चरतात, मात्र रात्रीच्या निवाऱ्याचा चोख बंदोबस्त हवा. अंडी 28 दिवसांत उबतात, पिल्ले मात्र इतकी मंदबुद्धी (क्षमस्व!), की दाणा टिपायला न शिकवल्यास भरल्या ताटापुढे उपाशी मरतात.

आणि एक कळकळीची विनंती: ज्या जागेत कोंबड्या वावरल्या, तेथे टर्की सोडू नका, कोंबड्यांच्या आतड्यांतील कृमींच्या अंड्यांवाटे पसरणारा ‘ब्लॅकहेड’ रोग कोंबडीला फारसा बाधत नाही, टर्कीचा मात्र कळपच्या कळप नेतो.