कंपवाताची गोळी : मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची

बेंगळुरू : येथील होसूर मार्गावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजेच ‘निम्हान्स’मध्ये, कर्नाटकासह शेजारच्या राज्यांतूनही कंपवाताचे रुग्ण उपचारासाठी येतात. तपासणी होते, औषधांची चिठ्ठी मिळते आणि कुटुंब गावी परतते. पुढील भेटीपर्यंत औषध सुरक्षितपणे देण्याची जबाबदारी मात्र घरच्यांवरच असते.

कंपवातात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठर होतात आणि अनेकांचे हात थरथरतात. यावरील प्रमुख औषध म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत पोहोचल्यावर त्याचे डोपामाइनमध्ये रूपांतर होते. वाटेतच हे रूपांतर होऊ नये, यासाठी गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. हे औषध लक्षणे आटोक्यात ठेवते. आजार मुळापासून बरा करीत नाही.

लेव्होडोपाचा प्रभाव काही तासच टिकतो. आजार वाढत गेल्यावर तर गोळीला थोडा उशीर झाला तरी रुग्णाचे पाय जागीच खिळतात. म्हणूनच ‘दिवसातून तीनदा’ एवढे लक्षात ठेवणे पुरेसे नाही. घड्याळातील नेमक्या वेळा लिहून घ्याव्यात. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम देऊ नयेत.

आहाराचाही संबंध येतो. डाळ, दूध, पनीर, अंडी यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. त्यामुळे गोळी साधारणपणे जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक ते दोन तासांनी घेतात. मळमळ होत असल्यास सोबत एखादे बिस्किट चालते. प्रथिने पूर्णपणे बंद करणे मात्र चुकीचे आहे. लोहाची गोळी आणि लेव्होडोपा यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चावू किंवा कुटू नयेत.

सर्वांत मोठा धोका औषध अचानक थांबवण्यात आहे. तसे केल्यास तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते. दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ही चूक होण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद डॉक्टर व परिचारिकांना दाखवावा.

नेहमीच्या तक्रारींवरील काही औषधेही घातक ठरतात. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन, तसेच भ्रमावरील हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामाइनच्या कार्यात अडथळा आणतात. चक्कर आल्यास दिले जाणारे सिनारिझिन आणि अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन यांनीही लक्षणे बळावू शकतात. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेणाऱ्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध अथवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आयुर्वेदातील कपिकच्छू, म्हणजे खाजकुहिली. तिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. त्यामुळे चिठ्ठीतील गोळ्यांसोबत तिचे चूर्ण परस्पर सुरू केल्यास एकूण मात्रा वाढते. ‘वनस्पती आहे, अपाय होणार नाही’ हा समज येथे लागू पडत नाही.

या औषधांमुळे उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. म्हणून उठताना आधी काही क्षण पलंगाच्या काठावर बसावे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काहींना अवेळी झोप येते, तर काहींना जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा अनावर मोह होतो. हा स्वभावदोष नसून औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. संकोचापायी तो लपवू नये आणि त्यासाठी औषध परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना वेळीच कळल्यास मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे शक्य असते.