ट्रायपॉड घेताना काय पाहावे? मजबूत पाय, योग्य हेड आणि वाजवी खर्च



आता जवळपास प्रत्येक शाळेत व्हिडिओ काढायची वेळ येते. पाठाचे चित्रीकरण, विज्ञानाचा प्रयोग, परिसर भेट, स्नेहसंमेलन. मोबाईल किंवा कॅमेरा कुणाचा तरी मिळतो. पण तो ज्याच्यावर ठेवायचा, त्या ट्रायपॉडचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो. "तीन पाय तर आहेत, कुठलाही चालेल" म्हणून स्वस्तातला घेऊन मोकळे होतो. मी पण तेच केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमचं स्नेहसंमेलन मैदानावर होतं. चौथीतली एक मुलगी पहिल्यांदाच स्टेजवर भाषण करणार होती. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहून शिकत होती. "सर, व्हिडिओ काढा हं, मम्मी-पप्पांना पाठवायचाय," असं तिने मला दोनदा बजावलं होतं. मी एका सहकाऱ्याचा कॅमेरा मागून आणला आणि माझ्या साडेसहाशे रुपयांच्या ट्रायपॉडवर लावला. गर्दीच्या वरून दिसावं म्हणून मधला दांडाही पूर्ण वर काढला. भाषण सुरू झालं, वारा सुटला, मांडवाचं कापड ट्रायपॉडला लागलं आणि कॅमेरा तोंडावर पडला. लेन्सच्या दुरुस्तीला ४,२०० रुपये गेले, ते मी भरले. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला परत भाषण करायला लावलं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढला. तिने तो पाहिला आणि एवढंच म्हणाली, "सर, यात टाळ्या नाहीत ना."

त्यानंतर मात्र ट्रायपॉड म्हणजे काय ते मी नीट समजून घेतलं. तेच आज आपण क्रमाने पाहू.

१) तीनच पाय का?

चार पायांचं टेबल डगमगलं की आपण एका पायाखाली कागदाची घडी घालतो. पण तीन दगडांची चूल कधी डगमगत नाही. कारण भूमितीतलंच आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं, त्यामुळे जमीन खडबडीत असली तरी तीनही पाय टेकतात.

मग माझा ट्रायपॉड पडला का? कारण डगमगणं वेगळं आणि कलंडणं वेगळं. तीन पायांच्या टोकांनी जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा त्या त्रिकोणात आहे तोवर तो उभा राहतो, बाहेर गेली की आडवा होतो. पाय जवळजवळ, वजन हलकं आणि कॅमेरा उंच, असं असेल तर थोडा धक्कासुद्धा पुरतो. म्हणून पाय चांगले रुंद पसरणारा ट्रायपॉड घ्यावा.

स्वस्त ट्रायपॉडमध्ये मधल्या दांड्यापासून तीनही पायांना आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यामुळे पाय एकदमच उघडतात आणि ठराविकच पसरतात. एक पाय पायरीवर आणि दोन खाली ठेवायचे झाले तर ते जमत नाही. प्रत्येक पाय स्वतंत्र उघडणारा आणि दोन-तीन कोनांत अडकणारा ट्रायपॉड केव्हाही चांगला.

२) पायांची जाडी आणि टप्पे

कॅमेरा पडला नाही तरी थरथरू शकतो. झूम केलं की ती थरथर जास्त दिसते. इथे पायाच्या नळीची जाडी महत्त्वाची ठरते. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० मि.मी. ऐवजी २८ मि.मी.ची नळी घेतली तर व्यास १.४ पट झाला. १.४ × १.४ × १.४ = २.७४, म्हणजे ताठपणा जवळपास पावणेतीन पट! नळी थोडीच जाड दिसते, पण फरक मोठा पडतो.

पाय एकात एक सरकणाऱ्या टप्प्यांचे असतात आणि प्रत्येक खालचा टप्पा वरच्यापेक्षा बारीक असतो. टप्पे चार-पाच असतील तर शेवटची नळी अगदी पेन्सिलीसारखी होते. शिवाय प्रत्येक जोड हा एक कच्चा दुवा असतो. तीन टप्प्यांचा ट्रायपॉड घडी केल्यावर लांब राहतो, पण त्याच किमतीत जास्त ताठ मिळतो. शाळेच्या कपाटात ठेवायचा असेल तर लांबीची अडचण कशाला?

नळी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी की कार्बन फायबरची? गिट्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला. तो हलका असतो आणि त्यात थरथर लवकर शमते, पण किंमत बरीच जास्त. पाठीवर घेऊन गड चढणाऱ्याने त्याचा विचार करावा. वर्गासाठी आणि मैदानासाठी अ‍ॅल्युमिनियम पुरेसं आहे. तिथे थोडं जास्त वजन हा उलट फायदाच. मात्र वर जिथे तीन पाय एकत्र येतात तो भाग धातूचा आहे ना, ते नक्की पाहा. तो प्लास्टिकचा असेल तर पाय कितीही जाड असून उपयोग नाही.

३) लॉक

खटक्याचे लॉक पटकन उघडतात आणि बंद आहेत की नाही ते लांबूनही दिसतं. पिळाचे लॉक सुटसुटीत असतात, कपड्यात अडकत नाहीत, पण एखादा सैल राहिला तर कळत नाही. मुलांच्या हातात द्यायचा असेल तर मला खटक्याचे बरे वाटतात.

४) मधला दांडा

मधला दांडा वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर आपण एका पायाची काठी उभी करतो. माझी चूक हीच झाली होती. म्हणून उंची पाहताना मधला दांडा खाली ठेवूनच पाहावी. फळ्यासमोर उभ्या शिक्षकाचं चित्रीकरण करायला कॅमेरा साडेचार-पाच फुटांवर पोहोचला तरी काम होतं. बसलेल्या मुलांसाठी तर तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, खालीच हवा.

५) हेड कोणतं?

पायांवर जो फिरणारा भाग असतो त्याला हेड म्हणतात. मुख्य प्रकार तीन:

• बॉल हेड: एक गोळा, तो सैल केला की कॅमेरा कुठेही वळतो. फोटोसाठी झटपट. पण हलक्या दर्जाचं असेल तर घट्ट करूनही कॅमेरा हळूहळू मान टाकतो.
• तीन दांड्यांचं पॅन हेड: आडवं, उभं आणि तिरकं असं वेगवेगळं हलवता येतं. वेळ लागतो, पण वहीचं पान किंवा तक्ता अगदी सरळ टिपता येतो.
• फ्लुइड हेड: व्हिडिओसाठी. आत दाट ग्रीससारखा पदार्थ असतो, त्यामुळे कॅमेरा वळवताना हिसका बसत नाही. मात्र डब्यावर 'फ्लुइड' लिहिलं म्हणजे तो असेलच असं नाही. हळू फिरवून पाहा. सुरुवातीला अडकून मग झटका बसत असेल तर ते साधं घर्षणाचं हेड समजावं.

आपलं काम जास्त करून व्हिडिओचं असतं, म्हणून साधं पण खरं फ्लुइड हेड उपयोगी पडतं.

आता महत्त्वाची गोष्ट. चांगल्या ट्रायपॉडमध्ये पाय आणि हेड वेगळे होतात. दोन्हींच्या मध्ये बहुतेक ३/८ इंचाचा स्क्रू असतो, आणि कॅमेऱ्याच्या तळाशी १/४ इंचाचा. ही मापं कंपनी बदलली तरी बहुधा तीच राहतात. म्हणजे आज चांगले पाय आणि साधं हेड घेतलं, तर पुढे फक्त हेड बदलता येतं. पैसे कमी असतील तर ते आधी पायांवर घालावेत. हेड पायांना कायमचं जोडलेलं असेल तर हा मार्ग बंद होतो.

कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट अर्का-स्विस पद्धतीची, साधारण ३८ मि.मी. रुंदीची असेल तर हरवल्यावर दुसरी सहज मिळते. मोबाईलसाठी १/४ इंचाचं भोक असलेला होल्डर लागतो.

६) डब्यावरचा वजनाचा आकडा

"५ किलो वजन पेलते" असं लिहिलेलं असतं. पण ते कसं मोजायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. वजन पेलणं वेगळं आणि न थरथरता धरणं वेगळं. आपल्या कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या वजनाच्या किमान दुप्पट-तिप्पट आकडा असावा, आणि तरीही हाताने तपासावं.

७) दुकानात करायची तपासणी

• सगळे टप्पे उघडा, लॉक लावा आणि वरून तळहाताने दाबा. एखादा टप्पा सरकला तर परत ठेवा.
• वरचा भाग धरून डावी-उजवीकडे पिळून पाहा. पाय लवचिक असतील तर लगेच कळतं.
• मोबाईल लावा, कॅमेरा पूर्ण झूम करा आणि पायाला टिचकी मारा. स्क्रीनवरची थरथर किती वेळात थांबते ते मनात मोजा. दोन ट्रायपॉडची तुलना करायला ही सगळ्यात सोपी परीक्षा.
• हेड घट्ट करून पुढच्या बाजूला बोटाने हलका भार द्या. मान खाली जाता कामा नये.

८) खर्चाचा हिशोब

माझा स्वस्त ट्रायपॉड ६५० रुपयांचा आणि दुरुस्ती ४,२०० रुपयांची. म्हणजे तो मला ४,८५० रुपयांना पडला आणि शेवटी भंगारात गेला. नंतर तीन टप्प्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड हेडसकट ५,८०० रुपयांना घेतला. हे आधीच केलं असतं तर? एका शाळेला जड जात असेल तर केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी मिळून घ्यावा, रोज थोडाच लागतो. वापरलेला घ्यायलाही हरकत नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक असं काही नसतं, वरची तपासणी केली की पुरे.

९) वापरताना

आधी वरचे जाड टप्पे उघडा, बारीक टप्पा शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा. वारा असेल तर मधल्या हुकाला विटा भरलेलं दप्तर अडकवा, पण ते झोके घेऊ नये म्हणून जमिनीला जरासं टेकू द्या. फोटो काढताना दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. आणि मांडवाच्या कापडापासून लांब राहा, हे माझ्या अनुभवातून सांगतो!

यंदाच्या स्नेहसंमेलनात त्याच मुलीच्या धाकट्या भावाने कविता म्हटली. वारा होताच. ट्रायपॉड कमी उंचीवर, पाय रुंद पसरून, खाली विटांचं दप्तर. कविता पूर्ण रेकॉर्ड झाली आणि त्याच संध्याकाळी ऊसतोडीच्या फडावर पोहोचली. या वेळी टाळ्यांसकट.